जुने यंत्र, नवा नकाशा

मोबाईलवर रस्ता दिसू लागल्यापासून मोटारीत बसविण्याच्या जीपीएस यंत्राचा भाव उतरला. जुनी पण चालू यंत्रे आता सेकंडहँड बाजारात थोडक्यात मिळतात. घेणाऱ्यापुढे मग प्रश्न येतो : यंत्र तर घेतले, नकाशाचे काय? या प्रश्नाचा निम्मा भाग तंत्राचा, निम्मा वाणिज्याचा आहे.

प्रथम तंत्र पाहू. जीपीएस ही अमेरिकेची उपग्रहयोजना १९९५ साली पूर्णत्वास गेली. किमान चार उपग्रहांचे संकेत टिपून यंत्र आपले अक्षांश, रेखांश व उंची काढते. त्यासाठी पैसे पडत नाहीत, मोबाईलचे नेटवर्कही लागत नाही. पण उपग्रह रस्ता सांगत नाहीत. रस्ते, पूल, गावांची नावे हे सारे यंत्रात साठविलेल्या नकाशात असते, आणि तो ज्या वर्षी भरला त्या वर्षाचाच राहतो. आपल्या शहराचे सरकारी इंग्रजी स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलले. त्यापूर्वीच्या नकाशात शहर जुन्या 'बेलगाम' या स्पेलिंगनेच शोधावे लागते.

आता वाणिज्य. यंत्र ही वस्तू आहे. ती विकली की मालकी बदलते. नकाशाचा मात्र केवळ वापर-परवाना मिळतो. गार्मिनचे विकतचे नकाशे बहुधा एकाच यंत्राच्या क्रमांकाशी जखडलेले असतात. त्यांची नक्कल दुसऱ्या यंत्रात उघडत नाही. 'लाइफटाइम' नकाशा म्हणजे तरी काय? टॉमटॉमने २०१८ साली आपली काही जुनी यंत्रे नकाशा-नूतनीकरणातून वगळली, तेव्हा हे आयुष्य ग्राहकाचे नसून यंत्राच्या उपयुक्ततेचे, हे अनेकांना कळले. चोरटा नकाशा स्वस्तात भरून देणारेही भेटतात. परंतु जो हक्क विक्रेत्याजवळच नाही तो त्याला दुसऱ्यास देता येत नाही, हे १९३० च्या माल विक्री कायद्यातील तत्त्व आपण वर्गात शिकतोच.

यावर सरळ मार्ग आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा स्वयंसेवक तयार करतात. श्रेय देण्याची व परवान्यातील इतर अटी पाळण्याची तयारी असेल तर तो कोणासही मोफत वापरता येतो. 'एमकेजीमॅप' या मोफत प्रोग्रामने त्याचे गार्मिनच्या साच्यात रूपांतर होते. तयार झालेली 'जीमॅपसप डॉट आयएमजी' ही फाइल मेमरी कार्डावर 'गार्मिन' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि यंत्राच्या सेटिंगमधून तो नकाशा चालू करावा. त्याआधी मूळ नकाशाची प्रत संगणकावर राखून ठेवावी.

खरेदीपूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात :

१. यंत्र उघड्यावर चालू करून उपग्रह सापडतात का व तारीख बरोबर येते का ते पाहावे. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तसे झाले, तेव्हापासून काही जुनी यंत्रे सुमारे वीस वर्षे मागची तारीख दाखवितात.

२. सेटिंगमध्ये नकाशाचे नाव व वर्ष पाहावे. विकत घेतलेली नूतनीकरणाची सोय असेल, तर ती यंत्राबरोबर आपल्याकडे येते का हे विचारावे, आणि विक्रेत्याकडून त्याच्या खात्यातील यंत्राची नोंद काढून घ्यावी.

३. कार्डाची खाच व बॅटरी तपासावी. कार्डाची सोय नसलेल्या यंत्रात मोठा नकाशा मावणे कठीण.

मालमत्तेची किंमत म्हणजे खरेदीची रक्कम अधिक ती वापरण्याजोगी करण्याचा खर्च, असे हिशेबशास्त्र सांगते. कार्ड, बॅटरी आणि नकाशा यांचा खर्च मिळवून जो आकडा येईल, तीच जुन्या यंत्राची खरी किंमत; सौदा तिच्यावर बेतावा.