शिलाई यंत्रावरील दोऱ्यांचा समतोल

घरबसल्या उत्पन्न देणारे साधन म्हणून शिलाई यंत्र शासकीय योजनांतून वर्षानुवर्षे दिले जात आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांतही शिंपीकामाचा समावेश असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. परंतु यंत्र घरी पोहोचल्याने काम पूर्ण होत नाही. पुष्कळदा चांगले यंत्र 'बिघडले' म्हणून कोपऱ्यात पडून राहते आणि प्रत्यक्षात त्याचा एकही भाग मोडलेला नसतो. केवळ दोऱ्याचा ताण चुकलेला असतो.

यंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. एक सुईतून वरून येतो, दुसरा बॉबिनमधून खालून. हे दोन्ही दोरे कापडाच्या जाडीच्या मधोमध एकमेकांत अडकले म्हणजे टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. ही एक प्रकारची रस्सीखेचच होय. ज्या दोऱ्याची ओढ अधिक, त्याच्या बाजूला अडक सरकते. म्हणून कापडाच्या खालच्या बाजूस वरच्या दोऱ्याचे फासे दिसू लागले, तर वरचा दोरा सैल आहे असे समजावे. वरच्या बाजूस खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसले, तर वरचा दोरा फार ताणलेला आहे किंवा खालचा सैल आहे.

नवशिक्या व्यक्तीचा घोटाळा नेमका येथेच होतो. दोष खाली दिसला म्हणून ती बॉबिन केसचा बारीक स्क्रू पिळू लागते. त्यामुळे मुळात ठीक असलेला ताणही बिघडतो. खाली दोऱ्याचा मोठा गुंता होत असेल, तर वरचा दोरा ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये बसलेलाच नाही, अशी शंका प्रथम घ्यावी. कापड दाबणारा पाय खाली असताना या चकत्या मिटलेल्या असतात व दोरा त्यांच्या वरूनच निसटतो. म्हणून दोरा ओवताना पाय नेहमी वर उचललेला असावा आणि ताण तपासताना तो खाली सोडलेला असावा. एवढी एक गोष्ट नीट समजली, तरी कारागिराकडे होणाऱ्या कितीतरी फेऱ्या वाचतील.

प्रत्यक्ष जुळणी करताना प्रारंभ खालून करावा. बॉबिन सारखी भरलेली असावी व केसच्या पट्टीखाली कापसाची लव अडकलेली नसावी. ती कागदाच्या कोपऱ्याने काढता येते. मग बॉबिन केस दोऱ्याने लोंबती धरावी. ती आपल्या वजनाने घरंगळत जाऊ नये, पण हाताला हलका झटका देताच दोन-तीन बोटे खाली उतरावी. स्क्रू फिरवणे भागच पडले, तर एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवावा. यानंतर स्क्रूला हात न लावता उरलेली सर्व जुळणी वरच्या चकतीने करावी. तिच्यावरील मोठा आकडा म्हणजे अधिक ताण. जे कापड शिवायचे त्याच्याच दुहेरी तुकड्यावर, वर एका व खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घेऊन टीप मारल्यास दोष तत्काळ ओळखू येतो.

समतोल दिसणारी टीपही फसवी असू शकते, हे विशेषतः बचत गटांकडून गणवेश शिवून घेणाऱ्या शाळांनी ध्यानात ठेवावे. दोन्ही दोरे सारखेच, पण गरजेपेक्षा अधिक ताणलेले असतील, तर टीप दोन्ही बाजूंनी नेटकी दिसते. मात्र कापडाला बारीक चुण्या पडतात आणि मूल मैदानावर धावू लागले की विजारीची बैठक उसवते. यासाठी नमुन्याच्या तुकड्यावर उरेब टीप मारून तो दोन्ही हातांनी ताणावा. एकच दोरा तुटला तर त्याचा ताण अधिक आहे. दोन्ही तुटले तर दोन्ही थोडे सैल करावेत. ही परीक्षा गणवेश ताब्यात घेताना नव्हे, तर कापड कापण्यापूर्वी करावयाची असते. शिलाईच्या अल्पमुदतीच्या वर्गांतही कापणीचे सर्व नमुने शिकवण्याच्या घाईत हा भाग मागे पडता कामा नये. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने यंत्राचा ताण स्वतः बिघडवून स्वतःच जुळवावा, यासाठी अर्धा दिवस पुरेसा आहे.