ड्रॉटनिंगहोमचे राजनाट्यगृह : जतनाचा एक धडा

स्वीडनची राजधानी स्टॉकहोमच्या पश्चिमेस, मेलारेन सरोवरातील लोव्हो बेटावर ड्रॉटनिंगहोम हा राजवाडा आहे. त्याच्या आवारात १७६६ साली पूर्ण झालेले एक नाट्यगृह उभे आहे. अठराव्या शतकातील रंगयंत्रणा टिकून असलेली आणि आजही प्रयोगांसाठी वापरात असलेली नाट्यगृहे जगात फारच थोडी आहेत. त्यांत याचे स्थान अग्रगण्य होय.

काटकसरीची वास्तू

येथील पूर्वीचे नाट्यगृह १७६२ मध्ये आगीत नष्ट झाले. तेव्हा राणी लोव्हिसा उल्रिका हिने कार्ल फ्रेडरिक आडेलक्रान्ट्झ या वास्तुकाराकडे नव्या वास्तूचे काम सोपविले. द्रव्यबळ बेताचेच होते. म्हणून संगमरवराचा आभास रंगाने साधण्यात आला आणि नक्षीकामासाठी गिलावा व कागदाचा लगदा वापरण्यात आला.

रंगमंचामागील यंत्रणा

यंत्रणेची रचना डोनातो स्टोपानी या इटालियन तंत्रज्ञाची. रंगमंचाखाली उभ्या आसाचा मोठा लाकडी रहाट आहे. माणसांनी तो फिरविला की दोरखंडांनी जोडलेल्या चौकटी सरकतात. एका दृश्याच्या विंगा आत जातात आणि त्याच वेळी दुसऱ्या दृश्याच्या पुढे येतात. त्यामुळे पडदा न पाडता, प्रेक्षकांच्या देखत, अवघ्या काही सेकंदांत अरण्याच्या जागी राजमहाल उभा राहतो. समुद्राच्या लाटा, ढगांचा गडगडाट, वाऱ्याचा घोंघावही लाकडी साधनांनीच निर्माण होतो. हे सारे मनुष्यबळावर चालते.

विस्मरण आणि शोध

१७७७ पासून राजा तिसरा गुस्ताव्ह याच्या आश्रयाने हे नाट्यगृह भरभराटीस आले. १७९२ मध्ये स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात त्याच्यावर गोळी झाडण्यात आली व त्यातच त्याचा अंत झाला. पुढे नाट्यगृह ओस पडले आणि त्याचा उपयोग अडगळीच्या कोठारासारखा होऊ लागला. १९२१ मध्ये आग्ने बेयर हा अभ्यासक एका चित्राच्या शोधात तेथे गेला असता धुळीखाली झाकलेला रंगमंच त्याच्या दृष्टीस पडला. जुने नेपथ्य व यंत्रणा जागच्या जागी होती. दोर बदलून व विजेचे दिवे बसवून १९२२ मध्ये नाट्यगृह पुन्हा उघडण्यात आले. युरोपातील इतर नाट्यगृहे काळानुसार सुधारली आणि त्यांची मूळ यंत्रणा लोपली. येथे उपेक्षाच रक्षक ठरली. १९९१ मध्ये राजवाडा व परिसर जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित झाला.

धडा

मात्र उपेक्षेवर विसंबून वारसा टिकत नाही. या नाट्यगृहात प्रयोग होतात ते उन्हाळ्यातच, आणि खऱ्या मेणबत्त्यांऐवजी विजेच्या मेणबत्त्या उजळतात. वास्तू वापरात ठेवावयाची तर वापराची मर्यादाही पाळावी लागते. कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह हे राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने उभारलेले मूळचे 'पॅलेस थिएटर'. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीने त्याची अपरिमित हानी केली. लाकडी छत व रंगमंच असलेल्या जुन्या वास्तू ज्या गावांत आहेत, तेथील स्थानिक संस्थांनी त्यांची मोजमापे, आराखडे व छायाचित्रे आजच करून ठेवावीत. वीजजोडण्या व अग्निशमन व्यवस्था यांची नियमित तपासणी करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अशा वास्तू दाखवून त्यांची बांधणी समजावून द्यावी. एकदा जळालेले लाकूड पुन्हा आणता येते. ते ज्या हातांनी घडविले, त्या हातांची साक्ष मात्र परत मिळत नाही.