ढाक्याचे अतिसार-संशोधन केंद्र

पटकीच्या रोग्याला मृत्यू येतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. विकार तीव्र असल्यास प्रौढ माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी बाहेर पडते. डोळे खोल जातात, आवाज बसतो, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात, आणि सकाळी हिंडता-फिरता असलेला मनुष्य सायंकाळी हाती लागत नाही. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढून नेण्याची महाराष्ट्रातील चाल याच भीतीतून आली. या रोगाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यास ओळखले होते. ते जंतू आतड्यात विष सोडतात व त्या विषामुळे पाणी झरते, हे शंभुनाथ डे यांनी त्याच शहरात १९५९ साली दाखवून दिले. रोगाचे कारण असे कळले, तरी खेड्यातील रोग्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

हे काम मुख्यतः ज्या संस्थेत झाले ती ढाका येथे १९६० साली स्थापन झाली. ढाका तेव्हा पूर्व पाकिस्तानात होते आणि पैसा आला तो आग्नेय आशियातील एका लष्करी कराराच्या संघटनेकडून. सैनिकी करारातून रुग्णालय जन्मास येण्याचा हा योग विरळाच म्हणावा लागेल. पुढे बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर, १९७८ साली, या प्रयोगशाळेचे आंतरराष्ट्रीय अतिसार-संशोधन केंद्रात रूपांतर झाले. तिच्या रुग्णालयात दरवर्षी एक लाखाहून अधिक रोग्यांवर विनामूल्य उपचार होतात. तेथील खाट पाहण्यासारखी असते. कापडाच्या मध्यभागी एक भोक, खाली बादली. बादलीत किती पाणी गेले हे मोजावयाचे व तितकेच रोग्याला परत द्यावयाचे, हे त्या खाटेमागील सारे शास्त्र.

परंतु परत द्यावयाचे कसे? शिरेतून क्षारजल देण्याचा उपाय ठाऊक होता. मात्र त्यास निर्जंतुक बाटल्या, सुया व शिकलेले हात लागतात. तोंडाने पाजलेले साधे पाणी आतड्यात टिकत नाही. मात्र आतड्याच्या अस्तरात एक चमत्कारिक सोय आहे. ग्लुकोज शोषला जाताना मिठातील सोडियमला सोबत घेऊन जातो, आणि त्या दोहोंच्या मागोमाग पाणी जाते. पटकीच्या विषानेही ही वाट बंद होत नाही. रॉबर्ट फिलिप्स यांनी १९६२ साली मनिला येथे असे द्रावण देऊन पाहिले. त्या प्रयोगात काही रोगी दगावले व काम थांबले. पुढे हेच फिलिप्स ढाक्याच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांच्या देखरेखीखाली डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी, रफिकुल इस्लाम व मजीद मोल्ला या सहकाऱ्यांसह, १९६८ साली २९ प्रौढ रोग्यांवर नवा प्रयोग केला. बादलीतील मापाइतकेच द्रावण पाजण्याचा नियम त्यांनी कटाक्षाने पाळला. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या द्रवाची गरज त्यामुळे सुमारे ८० टक्क्यांनी घटली.

रुग्णालयात जे साधले ते चिखलात साधेल काय, ही शंका १९७१ साली फिटली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगाव येथे पटकी पसरली. तेथे शिरेतून देण्याचे द्रव संपले. दिलीप महालनवीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या करवून घेतल्या, पाण्यात मिसळल्या, आणि पेला रोग्याच्या आईच्या वा भावाच्या हाती दिला. आठ आठवड्यांत ३,७०० च्या वर रोगी हाताळले गेले. पूर्वी शेकडा तीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ वर आले. महालनवीस यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. जीव असताना दिले असते तर अधिक शोभले असते.

शिक्षकांच्या दृष्टीने याच्याही पुढची हकीकत मोलाची आहे. १९८० पासून ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या बांगलादेशात घरोघर जाऊन मातांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी यांचे द्रावण शिकवू लागल्या. दहा वर्षांत त्या एक कोटीहून अधिक घरी पोहोचल्या. त्यांचे वेतन किती घरे झाली यावर ठरत नसे. काही दिवसांनी तपासनीस येई, निवडक मातांना प्रश्न विचारी, द्रावण करून दाखवावयास सांगे, आणि मातेच्या ध्यानात जितके राहिले असेल त्या मानाने कार्यकर्तीला पैसे मिळत. तरीही आरंभी पुष्कळ माता शिकूनही द्रावण वापरीनात. शोध घेता असे दिसले की खुद्द शिकविणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. मग त्यांना रुग्णालयात नेऊन मरणोन्मुख मुले द्रावणाने उठून बसलेली दाखविण्यात आली, आणि घरातील पुरुषांनाही पाठात सामील करून घेतले गेले. तेव्हा कोठे वापर वाढला.

या केंद्राचे क्षेत्रकार्य ढाक्याच्या आग्नेयेस मतलब येथे चालते. तेथील खेड्यांतील जन्ममृत्यूंची नोंद १९६६ पासून अखंड ठेवली जात आहे. याच भागात रीटा कॉलवेल, अन्वर हक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पटकी व हवामान यांचा संबंध उलगडला. पटकीचे जंतू निमखाऱ्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात. समुद्राचा पृष्ठभाग तापला की हे प्राणी वाढतात, आणि त्यांच्याबरोबर जंतूही. म्हणून बंगालच्या उपसागराच्या तापमानाचे आकडे व ढाक्यातील पटकीचे आकडे ताडून पाहता येतात. समुद्र उष्ण होत चालला आहे, तेव्हा हा हिशोब केवळ विद्वानांच्या कामाचा राहिलेला नाही. उपाय मात्र घरातलाच निघाला. जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्या करून त्यातून पाणी गाळले की ते प्राणी, व त्यांना चिकटलेले जंतू, कापडात अडकतात. पुष्कळदा धुतलेल्या साडीची वीण घट्ट होते, म्हणून नवीपेक्षा जुनी साडी बरी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ खेड्यांतील लोकांचा अनुभव होता, आणि गाळणाऱ्या घरांत पटकी सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाली. पाच वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा ३१ टक्के स्त्रिया पाणी गाळीत होत्या. गाळल्याने सर्व जंतू जात नाहीत. पाणी उकळणे अधिक खात्रीचे, हेही मुलांस सांगितले पाहिजे. जळणाची टंचाई असलेल्या घरात त्याचे महत्त्व वेगळे, इतकेच.

महाराष्ट्रात या द्रावणास जलसंजीवनी म्हणतात. वर्गात ते करून दाखविताना एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घ्यावे, आणि मोजमाप मुलांच्या हाती द्यावे. मीठ अधिक झाल्यास द्रावण बालकास अपायकारक होते. चव अश्रूंहून खारट लागू नये. जुलाब सुरू होताच पाजावे, अंगावरचे दूध बंद करू नये, आणि मूल निपचित पडू लागल्यास किंवा जुलाबात रक्त दिसल्यास दवाखान्यात न्यावे. पाठानंतर पंधरवड्याने शिक्षकांनी दोन-चार घरी जावे व मुलाच्या आईला द्रावण करून दाखवावयास सांगावे. चमचा मापून पाहावा.