गोचिडांवर कडुनिंब पुरेल का?

प्रश्न : आमच्या लॅब्रॅडॉरच्या कानांत सारख्या गोचिडी होतात. औषधांची भीती वाटते. कडुनिंब, लसूण चालेल का?

उत्तर : लसूण अजिबात नको, त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. कडुनिंबाच्या पाल्याच्या गार काढ्याने अंग पुसायला हरकत नाही, पण चिकटलेली गोचीड त्याने सुटत नाही. घरात मांजर असेल तर सुगंधी तेलं लांबच ठेवा.

खरी लढाई घराशी आहे. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे हजारो अंडी घालते. म्हणून भेगा सिमेंटने बुजवा, अंथरूण कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. पिसवांनाही हाच उपाय लागू पडतो.

रोज फिरवून आणल्यावर कानांच्या घड्या आणि बोटांच्या बेचक्या चाचपा. गोचीड दिसली की चिमटा कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, पेटती काडी नकोच.

एवढं करूनही गोचिडी होत राहिल्या, तर वजनानुसार पशुवैद्यकाने दिलेलं औषध घ्याच. ताप, पांढुरक्या हिरड्या किंवा खाणं बंद दिसलं, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.