काट्याचं काम

अहिल्यानगर

चि. बाळास,


तलाठी म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं तुझ्या बाबांनी कळवलं आणि डोळे भरून आले. परवा रविवारी मंडळीत तुझ्यासाठी उपकारस्तुती झाली. तू देवाच्या गौरवासाठी जगावंस, अशी प्रार्थना पाळकसाहेबांनी केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं, मीही म्हटलं. घरी आल्यावर वाटलं, हे आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकतो, की यात नेमकं काय मागितलंय हे विचारायचंच राहून जातं. तू रुजू होण्याआधी मला त्याचा जो अर्थ उमगला तो लिहितो.

'गौरव' हा शब्द 'गुरु'वरून आला. गुरु म्हणजे जड. गुरुत्वाकर्षणातला गुरु तोच. जुन्या करारात गौरवासाठी 'कावोद' हा हिब्रू शब्द येतो, त्याचंही मूळ वजनातच आहे. देवाचा गौरव म्हणजे देवाचं वजन. मग ते आपण वाढवायचं का? ते आपल्याच्यानं होणार नाही, आणि त्याची त्याला गरजही नाही. माझी सारी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली, म्हणून मला हे काट्यावरूनच समजतं. काटा उसाचं वजन वाढवत नाही. गाडीत जेवढं आहे तेवढं खरं दाखवतो. ख्रिस्ती माणसाचं कामही तेच. देव जसा न्यायी आहे, जसा दयाळू आहे, तसा तो आपल्या वागण्यातून लोकांना दिसावा.

काटा खोटा झाला तर काय होतं, हे मी पाहिलंय. खरं सांगायचं तर मीच ते केलंय. तुला हे आजवर कधी सांगितलं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्याच हंगामात वरच्या माणसानं रात्रपाळीला सांगितलं, की दर गाडीमागे थोडं कमी लिहायचं. नवीन नोकरी, घरी आजारी आई. मी आठ दिवस तसं लिहिलं. मधल्या रविवारी उपासनेत देवाच्या गौरवाची गीतं सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात गायलो. नवव्या रात्री एक ऊसतोड बाई काट्यापाशी आली. कडेवर लेकरू होतं. तिनं विचारलं, "साहेब, आज मोळ्या जास्त भरल्या, तरी वजन कमी कसं?" तोडीची मजुरी टनावर मिळते, बाळा. मी शेतकऱ्याचं तर कापतच होतो, त्या लेकराच्या तोंडचंही कापत होतो. मला उत्तर देता आलं नाही. सकाळी मी वरच्या माणसाला नकार दिला आणि मला दोन वर्षं गोदामात पाठवण्यात आलं. त्या दोन वर्षांत पगारवाढ चुकली, पण झोप परत आली. त्या रविवारचं माझं गाणं देवापर्यंत पोचलं असेल असं मला वाटत नाही. त्या बाईच्या लेखी ख्रिस्ती माणसाचा देव कसा ठरला असता, हा प्रश्न मात्र आजही मला सोडत नाही.

म्हणून सांगतो, देवाच्या गौरवाची जागा फक्त चर्चमध्ये शोधू नकोस. पौलानं करिंथकरांना हा विषय सांगितला तो कशावरून, आठव. मूर्तीपुढचं मांस बाजारात विकायला येई, ते खावं की खाऊ नये, असा अगदी ताटातला वाद होता. खाणं, पिणं, जे काही कराल ते सारं देवाच्या गौरवासाठी, हे त्यानं तिथं शिकवलं. तुझ्या बाबतीत 'जे काही' म्हणजे सातबारा, फेरफार, वारसनोंद आणि गारपिटीनंतरचे पंचनामे.

लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात आणि आम्ही काय करावं म्हणून विचारतात. योहान त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही, रानात चला म्हणत नाही. ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. महसुलातल्या माणसाला याहून सरळ उपदेश मी देऊ शकत नाही. फाईल हलायला वजन ठेवावं लागतं, असं लोक म्हणतात. तुझ्या टेबलावर ते वजन कधीही येऊ देऊ नकोस. जिथं नोटांचं वजन बसतं तिथून देवाचं वजन उठतं.

देवाचं वजन कसं दाखवायचं हे पाहायचं, तर पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा वाच. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. एवढ्या भांडवलावर एखादी व्यक्ती जन्मभर मान मिळवत राहिली असती. पण ती सारी विद्या त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींपुढे आणि टाकलेल्या विधवांपुढे ठेवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर हाती घेतलं, तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. संस्कृतात पारंगत असलेल्या बाईनं सोपा शब्द शोधत वर्षानुवर्षं बसणं, यात किती काय सोडावं लागलं असेल, याचा विचार कर. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही भाषांतराचं काम चालू राहिलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या, त्याआधी थोडेच दिवस ते हातावेगळं झालं होतं. मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी ते छापलं. मला यात देवाचा गौरव दिसतो: स्वतःची विद्या खाली ठेवली, म्हणून दुसऱ्याच्या हाती शास्त्र आलं.

आता एक धोका सांगतो. तू प्रामाणिक राहशील, याची मला खात्री आहे. पण प्रामाणिकपणाचाही ताठा चढतो. 'मी एक पैसा घेत नाही' हे वाक्य दिवसातून दोनदा तोंडी आलं, की समजावं, आपण आपलंच वजन लोकांना दाखवू लागलो. प्रभूनं डोंगरावर दोन्ही शिकवलं. तुमचा प्रकाश लोकांपुढे पडो, आणि लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. मी ताळा असा करतो: काम झाल्यावर माणूस माझे पाय धरत जातो, की ताठ मानेनं जातो? वारसनोंदीला आलेली विधवा आपला हक्क मिळाला म्हणून निश्चिंत होऊन गेली, तर काम नीट झालं. तिला बसायला खुर्ची दे, नोंदीची मुदत समजावून सांग, तिचा तिसरा हेलपाटा वाचव. भिंतीवर वचन लावण्याआधी हे कर.

आणि कधी चुकलास, तर लपवू नकोस. जक्कयही महसुलातलाच होता. ज्यांचं फसवून घेतलं त्यांना चौपट परत करीन, हे त्यानं प्रभूसमोर उभं राहून सांगितलं. चूक मान्य करून भरपाई करणाऱ्या माणसातही देवाची दया दिसते. मला ती तशीच भेटली.

काट्यावर गाडी दोनदा तोलतात. आधी भरलेली, मग ऊस उतरवल्यावर रिकामी. गाडीचं वजन वजा जातं आणि उरतो तो ऊस. आपलीही शेवटची तोलणी अशीच होईल, असं मला वाटतं. आपलं नाव, पद, घराण्याची अब्रू, सगळं वजा जाईल, आणि आपल्यामार्फत देवाचं जे काही लोकांपर्यंत पोचलं तेवढंच उरेल. म्हणून गाडी मजबूत ठेव, पण तिच्या रंगरंगोटीत दिवस घालवू नकोस. जे वाहून न्यायला दिलंय ते पूर्ण पोचव.

रुजू व्हायच्या सकाळी निघण्याआधी फोन कर. काकू आणि मी तुझ्याबरोबर प्रार्थना करू.

तुझा,
काका