हसा, पण गोळी चुकवू नका



वस्तीत फिरताना आम्हाला एक प्रश्न नेहमी ऐकू येतो. "ताई, शुगर, बीपी, गुडघेदुखी, हे आता जन्माचं मागे लागलं. रोज रोज याला तोंड द्यायचं कसं?" औषध आणि पथ्य तर हवेच. पण त्यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट आपल्या घरातच आहे. ती म्हणजे विनोद.

मधुमेह निघाला की बरेच जण ते मानतच नाहीत. "मला काही होत नाही" म्हणत गोळी टाळतात. दुःख आहे हे आधी मान्य केले तरच मार्ग सापडतो, ही शिकवण आपल्याला नवी नाही. विनोदाने हे मान्य करणे सोपे जाते. एका मावशींनी आपल्या शुगरचे नाव 'सासूबाई' ठेवले आहे. लग्नात कोणी बुंदी वाढू लागले की त्या म्हणतात, "थांब बाई, आधी सासूबाईंना विचारते!" सगळ्या हसतात आणि आग्रह तिथेच थांबतो. आजार लपवावा लागत नाही, पथ्यही पाळले जाते.

खळखळून हसताना पोटाचे आणि छातीचे स्नायू जोरात हलतात, नाडी थोडी वाढते. हसणे थांबले की अंग सैल पडते, ताण उतरतो. ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हसल्यानंतर माणसे वेदना अधिक सहन करू शकतात असे दिसले. मात्र हसण्याने साखर किंवा रक्तदाब आटोक्यात राहत नाही. त्यासाठी गोळी वेळेवरच घ्यायची.

काही गोष्टी लक्षात ठेवा :

१. आजाराला हसा, माणसाला नको. लकवा झालेल्याच्या बोलण्याची नक्कल किंवा जाड मुलीला टोपणनाव, हा विनोद नाही, अपमान आहे. असल्या हसण्याचा मार आपल्या पिढ्यांनी सोसला आहे. ज्याचे दुखणे, त्याने आधी हसावे; मग आपण साथ द्यावी.

२. सिझेरियन किंवा पोटाचे ऑपरेशन झाले असेल तर हसताना, खोकताना टाक्यांवर उशी हलकेच दाबून धरा. दुखणे कमी होते.

३. बाळंतपणानंतर किंवा वय वाढल्यावर अनेक बायकांना हसताना लघवीचे थेंब जातात. म्हणून त्या चारचौघीत हसायचेच सोडतात. यात लाजण्यासारखे काही नाही, यावर उपाय आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते ५ सेकंद आवळा, ५ सेकंद सैल सोडा. असे १० वेळा, दिवसातून ३ वेळा करा. लघवी करत असताना मात्र हा व्यायाम करू नका. फरक पडायला साधारण ३ महिने लागतात. तरीही त्रास राहिला तर दवाखान्यात दाखवा.

४. घरात क्षयरोगाचा रुग्ण असेल तर त्याला गप्पांतून बाहेर काढू नका. मोकळ्या हवेत बसा. खोकताना, हसताना त्याने तोंडावर रुमाल धरावा आणि औषधाचा एकही दिवस चुकवू नये.

५. हसण्याआडचे रडणे ओळखा. "आता सुटलो एकदाचा", "माझ्यामागे तुमची कटकट संपेल", असे कोणी वारंवार गमतीने म्हणत असेल तर ती गंमत समजू नका. जवळ बसा, "मरणाचे विचार येतात का?" असे सरळ विचारा. विचारल्याने कोणी तसे करत नाही, उलट मन मोकळे होते. येतात म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका. टेलीमानसच्या १४४१६ या नंबरवर फोन लावा. हा नंबर मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.

शेवटी एक सांगतो. स्वीकारणे म्हणजे हार मानणे नव्हे. गुडघे झिजले हे स्वीकारायचे, पण तुंबलेले गटार आणि दोन दिवसांआड येणारे पाणी स्वीकारायचे नाही. नळाच्या रांगेत जरूर हसा. हसता हसता वॉर्ड ऑफिसच्या अर्जावर प्रत्येकीची सहीही घ्या. एकत्र हसणाऱ्या बायका अर्ज द्यायलाही एकत्र जातात, हे आम्ही पाहिले आहे.