फेरा कोठे थांबवावा?

जावास्क्रिप्ट या संगणकभाषेचा पहिला आराखडा ब्रेन्डन आईक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केला. तिच्यातील शब्द मोजकेच. परंतु 'रिटर्न' या एका शब्दाने जितके विद्यार्थी फसतात, तितके दुसऱ्या कोणत्याही शब्दाने फसत नसावेत.

पाच विद्यार्थ्यांचे गुण अनुक्रमे ४२, ३५, २८, ६१ व ३० आहेत, अशी कल्पना करू. ३५ हून कमी गुणांचा कोणी आहे काय, एवढेच सांगणारे फंक्शन आपणांस लिहावयाचे आहे. उत्तर 'ट्रू' अथवा 'फॉल्स' असे यावे. नवशिका विद्यार्थी 'फॉर'चा फेरा मांडतो आणि त्याच्या पोटात लिहितो: गुण ३५ हून कमी असल्यास 'रिटर्न ट्रू', एरव्ही 'रिटर्न फॉल्स'. वाचावयास हे अगदी निर्दोष वाटते, नाही का? पण 'रिटर्न' नुसते उत्तर देऊन स्वस्थ बसत नाही; ते फंक्शन तेथल्या तेथे संपविते. पहिले ४२ पाहताच 'फॉल्स' हाती ठेवून ते निघून जाते. २८ आणि ३० यांच्याकडे कोणी पाहिलेलेच नसते! संगणक तर काहीच तक्रार करीत नाही. त्यातून पहिलाच विद्यार्थी अनुत्तीर्ण असला, तर उत्तर बरोबर येते व चूक अधिकच दडते.

'आहे' म्हणावयास एक दाखला पुरतो. 'नाही' म्हणावयास मात्र सारी यादी तपासावी लागते. यास्तव 'रिटर्न ट्रू' फेऱ्याच्या आत राहू द्यावे आणि 'रिटर्न फॉल्स' फेऱ्याचा महिरपी कंस मिटल्यावर, बाहेर लिहावे. मग तिसऱ्या फेरीस २८ भेटताच 'ट्रू' मिळते. ६१ व ३० पाहण्याचे श्रमही वाचतात.

'ब्रेक' फेरा मोडते, पण फंक्शन पुढे चालू राहते. 'कंटिन्यू' चालू फेरीचा उरलेला भाग टाकून पुढील फेरीस लागते. मात्र 'व्हाइल'च्या फेऱ्यात अंक वाढविण्याची ओळ 'कंटिन्यू'च्या खाली राहिली, तर अंक तसाच राहतो आणि फेरा कधीच संपत नाही.

२००९ सालच्या पाचव्या प्रमाण आवृत्तीत 'फोरईच' ही सोय आली. तीत प्रत्येक गुणासाठी एक लहान फंक्शन नव्याने बोलाविले जाते. त्यातील 'रिटर्न' त्या लहान फंक्शनातूनच परतते. बाहेरच्या फंक्शनास त्याची वार्ताही नसते, व त्याचे स्वतःचे 'रिटर्न' नसल्यास हाती 'अनडिफाइन्ड' येते. तेथे 'ब्रेक' लिहिले, तर संगणक कार्यक्रम चालविण्याचेच नाकारतो. (माझ्या मते हा नकार उपकारच होय, चूक निदान दिसते तरी.) आपल्या प्रश्नास त्याच आवृत्तीतील 'सम' ही सोय योग्य आहे: पहिला होकार मिळताच ती थांबते आणि 'ट्रू' परत देते.